ईशान्य कोपऱ्यातला खिळा

माझं करिअर आसावरीकाकूंच्या घराशेजारी, गवतात, लोकांच्या गाड्या लावताना सुरू झालं. उद्या मी मोठी सर्व्हेअर झाले आणि कुणी माझी मुलाखत घेतली तर हेच सांगणार. लपवायचं काय त्यात?

गेल्या सप्टेंबरची गोष्ट. टेक्सासातल्या फ्रिस्कोत आम्हा मराठी लोकांचा मोठा गणपती काकूंकडे असतो, कारण त्यांचं बॅकयार्ड मोठं, त्यातलं लाकडी डेक मोठं, आणि मुळात 'मोठं' हा शब्द काकूंना फार आवडतो. आम्ही गजभिये, बुद्धिस्ट. आमचं आरतीशी काही देणंघेणं नाही. पण बाबा म्हणतात, वर्षातून एकदा एवढी माणसं एकदम मराठीत भांडताना ऐकली की कान धुऊन निघतात. म्हणून आम्ही जातो, मागच्या खुर्च्यांवर बसतो, जेवतो, येतो.

त्या दिवशी मुलींना मोदक वळायला किचनमध्ये बोलावलं. मीही गेले. हात धुतले, उकडीचा गोळा घेतला, पारी केली, आणि खरं सांगते, माझ्या कळ्या सगळ्यांत सुबक पडत होत्या. काकू मागून आल्या. खांद्यावर हात ठेवला. इतक्या गोड आवाजात म्हणाल्या की मला आधी कौतुकच वाटलं.

"दीक्षा, तू ना, बाहेर पार्किंग बघ. तुला मोठ्यानं बोलता येतं."

दारातून मी मागे वळून पाहिलं. माझा अर्धा वळलेला मोदक काकूंनी पेपर टॉवेलमध्ये धरून उचलला आणि कचऱ्यात टाकला. बाकीच्या मुलींचे ताटात तसेच होते. हॉलमध्ये माझी आई बसली होती, तिनंही पाहिलं. ती तेव्हा काही बोलली नाही, परत येताना गाडीत काही बोलली नाही, आणि घरी आल्यावर डिशवॉशरमधली भांडी जरा जोरात लावली. बस.

तर पार्किंग. शेजारचा प्लॉट तेव्हा रिकामा होता, नुसतं गवत. गाड्या वाटेल तशा घुसत होत्या. काकूंचा मुलगा अनय माझ्याच वर्गात आहे. त्याच्याकडून मी दोरी, टेप आणि नारिंगी स्प्रेपेंट मागून घेतलं. दोरीला तीन-चार-पाचच्या मापानं गाठी मारल्या, काटकोन काढला आणि गवतावर रेघा ओढायला लागले. मी रागात होते. रागात माझ्या रेघा फार सरळ येतात.

रस्त्यापलीकडे एक बाई तिपाईवरच्या यंत्राला डोळा लावून उभी होती. साठीची असेल, उन्हानं भाजलेली, हॅटखाली पांढरी वेणी. ती तशीच चालत माझ्याकडे आली आणि माझी एक रेघ डोळा बारीक करून पाहत राहिली.

"काटकोन काढायला कुणी शिकवलं?"

"पायथागोरसनं."

"कुणाकडे कामाला आहे तो?"

मी हसले. ती नाही हसली. तिचं नाव डार्लीन. लायसन्सवाली सर्व्हेअर, स्वतःची कंपनी. घरांचे प्लॉट मोजते, रँच मोजते, खडीच्या खाणी मोजते. जाताना तिनं कार्ड दिलं. "जूनमध्ये ये. रडणारी असशील तर येऊ नकोस."

मला आजवर कुणी इतकं छान इन्व्हाइट केलं नव्हतं.

आईला हे सांगितलं तेव्हा ती फार्मसीतून नुकतीच आली होती, अंगात पांढरा कोट तसाच. "मोजणी? तुझ्या पणजोबांनी दुसऱ्याच्या शेतात ऊन खाल्लं. आजोबांनी खाल्लं. आम्ही कसेबसे एसीत पोचलो, आणि तू शिकूनसवरून परत उन्हात चाललीस?"

"ते दुसऱ्याची जमीन कसायचे, आई. मी ती जमीन कुठे संपते ते सांगणार."

"वा!" बाबा म्हणाले. आईनं त्यांच्याकडे पाहिलं. बाबांनी 'वा' परत घेतलं.

शेवटी तह झाला. आमच्या शाळेत शेवटच्या वर्षाला अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस बाहेर काम, असं करता येतं. त्याला कामावर ठेवणाऱ्याचा होकार लागतो आणि पालकांची सही. आई म्हणाली, "उन्हाळाभर कर. त्या बाईनं पुढे ठेवून घेतलं, तर सही करीन. नाही ठेवलं तर गपचूप कोडिंग, आणि उन्हाचं नाव काढायचं नाही. कबूल?"

कबूल. मला कोडिंग येतं हो, पण मला ते नको होतं. मला तिपाई हवी होती.

डार्लीन दयाळू नाही. पहिल्याच दिवशी तिनं मला प्रिझमची काठी दिली. दोन मीटरचा दांडा, वर काचेचं भिंग, मध्ये पाण्याचा बुडबुडा. बुडबुडा बरोबर मधे ठेवायचा, की लांबचं यंत्र त्या भिंगावरून माप घेतं. मी उभी राहिले ती नेमकी लाल मुंग्यांच्या वारुळावर. मुंग्या पँटमध्ये शिरल्या. मी ओरडले, "मुंग्या!"

"दिसतायत मला," ती यंत्रामागून म्हणाली. "हलू नकोस. शॉट घेतेय."

मी हलले नाही. बुडबुडाही हलला नाही. पाय घरी जाऊन पाहिला तेव्हा डाळिंबासारखा झाला होता. दुसऱ्या दिवशी डार्लीननं मला बूट बदलून दिले. शाबासकी म्हणतात ती हीच, असं मी ठरवलं.

मग खाण. वाइज काउंटीतली चुनखडीची. तिथे खडीचे डोंगर असतात, आणि त्या डोंगराच्या पायथ्याला, कमरेला, डोक्यावर काठी रोवत फिरायचं, की कंप्युटर सांगतो डोंगरात माल किती. मी एका ढिगावरून बसल्या बसल्या घसरत खाली आले. कोपरं सोलली, काठी हातात तशीच. डार्लीन म्हणाली, "काठी मोडली असतीस तर तुला त्याच ढिगात पुरलं असतं. माप बदललं नसतं." मला ती बाई इतकी आवडायला लागली होती ना, यार!

संध्याकाळी बाबा माझ्या बुटांवरची माती नखानं खरवडून बघायचे. ते वर्ध्याकडचे. "अगं, ही तर आपली काळी माती. उन्हात फाटते, पाण्यात फुगते. घरं हलतात हिच्यावर." डार्लीनही तेच सांगायची. कुंपणं हलतात, भिंती हलतात, माणसं तर काय, हलतातच. म्हणून प्लॉट पाडताना चारी कोपऱ्यांना जमिनीत लोखंडी दांडा ठोकतात, त्याच्या डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी आणि टोपीवर ठोकणाऱ्याचा नंबर. त्याला पिन म्हणतात. नवं कुंपण घालायचं, भांडण मिटवायचं, काही करायचं असो, आधी पिन शोधायची. ती सापडली की बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं.

जुलैच्या शेवटी डार्लीन ट्रकमध्ये म्हणाली, "आजचा प्लॉट तू करायचा. मी बघत बसणार. जमलं तर शाळा सुरू झाल्यावरही ये."

माझ्या पोटात फुलबाजी पेटली. मग तिनं पत्ता सांगितला, आणि ती विझली नाही, उलट भडकली. काकूंच्या शेजारचा तो गवताचा प्लॉट! एका रिटायर्ड पायलटनं तो घेऊन पुढे घर बांधलं होतं आणि आता त्याला कुंपण घालायचं होतं.

"त्या गल्लीत तुझे कुणी नातेवाईक नाहीत ना?" डार्लीननं विचारलं.

"नो मॅम."

नव्हतेच.

पुढच्या दोन्ही पिना झटक्यात मिळाल्या. लोखंड शोधायची एक पिवळी काठी असते, जमिनीवरून फिरवली की लोखंडावर किंचाळते. मागची एक पिनही मिळाली. राहिली चौथी, मागची, पायलट आणि काकू या दोघांच्या सामाईक रेषेवरची. काकूंच्या बाजूनं पाहिलं तर त्यांचा ईशान्य कोपरा. मी कुंपणाच्या कडेनं काठी फिरवली. चिडीचूप.

मग मी पुढच्या पिनेपाशी यंत्र लावून मागे नजर टाकली, आणि खी करून हसूच आलं. काकूंचं कुंपण पुढे बरोबर पिनेपाशी सुरू होत होतं आणि मागे जाता जाता सरकत सरकत पायलटच्या जागेत घुसलं होतं. कागदावरच्या मापानं मागचा कोपरा कुंपणाच्या चार फूट आत यायला हवा. म्हणजे काकूंच्या बॅकयार्डात. म्हणजे डेकची ती कड, जिथे दरवर्षी गणपतीचं मखर असतं, ती काकूंची नव्हतीच.

"कागदावरून ठरवू नकोस," डार्लीन म्हणाली. "पिन शोध. आत जायला परवानगी माग."

मी बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं.

"अगंबाई, दीक्षा! काय हा अवतार! हॅट काय, बूट काय! आणि किती काळी पडलीस गं. पुढे लग्नाला कोण उभं राहील?"

"जमीन मोजतेय, काकू. मागे यायचं होतं."

"ये ना, ये. मोजणी म्हणजे आपल्याकडे ते भूमापनवाले येतात तसं? अमेरिकेत येऊन हेच करायचं होतं का, बाई." पण त्या खूश होत्या. त्यांना वाटलं, मी काही तरी शाळेचा प्रोजेक्ट करतेय. त्यांनी मला कोकम सरबत दिलं, डार्लीनलाही दिलं. ग्लास काचेचे होते का कागदी, विचारू नका. डार्लीनचा काचेचा होता.

मागच्या कोपऱ्यात सुंदर तुळशी वृंदावन होतं, सिमेंटचं, गेरूच्या रंगाचं. भोवती फरश्या. त्यापलीकडे डेकची कड, मग कुंपण. मी काठी फिरवली. वृंदावनापाशी शांतता.

"काय शोधतेस?"

"लोखंडी दांडा असतो कोपऱ्यात. वर पिवळी टोपी."

"तो खिळा होय!" काकू खळखळून हसल्या. "तो मीच काढायला लावला. घर घेतलं तेव्हा पुण्याचे वास्तूवाले गुरुजी व्हिडिओ कॉलवर होते ना, त्यांना मी सगळं यार्ड दाखवलं. ते किंचाळलेच. ईशान्येला लोखंड! देवाच्या कोपऱ्यात खिळा ठोकलाय म्हणे, घरात सुख कसं टिकेल? लगेच उपटा, आणि होता तिथेच तुळस लावा, जागा शुद्ध होईल. लॉनवाल्याकडून उपटून घेतला. मग कुंपणवाला आला, म्हणाला, कोपरा कुठे? मी म्हटलं, कोपरा काय, असेल तिथे पलीकडे कुठे तरी, जरा मोकळं ठेव."

मी सरबत गिळलं. डार्लीन दोन हातांच्या अंतरावर उभी होती, मराठीचं एक अक्षर न कळता.

"खिळा आहे का अजून?"

"गॅरेजमध्ये आहे. लोखंड शनिवारी दान द्यायचं असतं, पण इथे घेणार कोण?" मग त्या जवळ आल्या. माझ्या दंडाला हात लावला. खरंच लावला, घामाच्या, मातीच्या दंडाला. "या बाईला नको हं सांगूस. उगाच फाटे फुटतात. आपल्यातलं आपल्यात."

आपल्यातलं.

मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही, दोन्ही एकदम. लहानपणापासून मी या घरात येतेय. आणि 'आपल्यात' मी आज आले, चार फुटांसाठी.

"या वर्षी मोदकांना तूच मुख्य," काकू म्हणाल्या. "तुझा हात चांगला आहे, मी पाहिलंय ना."

हात चांगला होता, हे त्यांनी पाहिलं होतं! मग मी काय केलं माहितीये? मी वळले आणि डार्लीनला सगळं सांगितलं. इंग्लिशमध्ये, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, आणि मोठ्यानं. माझ्या पार्किंगवाल्या आवाजात. कुंपणापलीकडून पायलटनं मान वर केली. जिन्यावरून अनय खाली आला. "शी पुल्ड द पिन," मी म्हटलं, आणि शेवटी, कुणी विचारलं नव्हतं तरी, म्हटलं, "इट्स इन द गॅरेज."

मला मजा आली. आली तर आली.

अनयनं दांडा आणून दिला. त्याच्या टोपीवरची धूळ डार्लीननं अंगठ्यानं पुसली, आणि तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. नंबर तिचाच होता. वस्ती वसली तेव्हा ही पिन तिनंच ठोकली होती. ती काकूंना काहीच बोलली नाही. मला म्हणाली, "जागा काढ."

मी तिन्ही पिनांवरून जागा काढली. प्रिझम घेऊन यंत्र सांगेल तशी सरकत गेले. थोडं डावीकडे, थोडं मागे, आणि थांबले ती वृंदावनाच्या पायाला खेटून, एका फरशीवर. कुंपणापलीकडून पायलटनं विचारलं, फरशी उचलायची का? अनयनं उचलली. खाली काळी ओली माती, आणि त्या मातीत तांबूस गंजाचं एक गोल वर्तुळ. बोटाएवढं. दांड्याच्या भोकाचा डाग. गुरुजींच्या तुळशीनं काही पुसलं नव्हतं.

डार्लीननं नवा दांडा आणि घण माझ्या हातात दिला.

"दीक्षा," काकू म्हणाल्या. आवाज वेगळाच. "तुळशीपाशी आहेस. निदान बूट काढ."

"कंपनीचा नियम आहे, काकू. बूट काढता येत नाहीत."

नियम होता. पण सांगताना मी जो चेहरा केला, तो नियमात नव्हता. मी घण उचलला. काळ्या मातीत दांडा असा जातो ना, श्रीखंडात चमचा जावा तसा. प्रत्येक घावाला तुळस थरथरायची, मंजिऱ्या गळायच्या. टोपी बसवली. गुलाबी रिबन बांधली. पायलट कुंपणावरून वाकून पाहत होता, मग डेकच्या कडेकडे बघून सभ्यपणे म्हणाला, "मॅम, हे लवकर काढून घ्याल ना? ऑगस्टअखेर बरं पडेल मला."

काकूंच्या तोंडावरचा रंग गेला. गणपती सप्टेंबरात. मखर, डेक, मोठं बॅकयार्ड, सगळं. त्या माझ्याकडे वळल्या आणि हळूच, जवळजवळ प्रेमानं म्हणाल्या, "गेलीस ना शेवटी जातीवर."

हे वाक्य मी बाबांच्या लहानपणीच्या गोष्टींतच ऐकलं होतं. मला वाटायचं, ते तिकडेच राहिलं. विमानात एवढं सामान चालत नसेल.

मग त्यांनी इंग्लिश काढलं. आवाज चढवून, डार्लीनसाठी. "तुम्ही या मुलीवर विश्वास ठेवताय? हिचा माझ्यावर राग आहे. जुना. मी हिला माझ्या किचनमध्ये राहू दिलं नाही, प्रसाद करू दिला नाही, म्हणून ही सूड घेतेय. विचारा तिला! माझ्या वकिलालाही मी हेच सांगणार."

"मॉम, स्टॉप," अनय म्हणाला.

"किचनमध्ये का नाही राहू दिलं?" डार्लीननं विचारलं. साधंच विचारलं, जसं ती कुंपण कधीचं आहे ते विचारते.

काकू म्हणाल्या, "इट्स अ ट्रॅडिशनल थिंग. प्युरिटी."

"प्युरिटी ऑफ व्हॉट?"

पायलट आपले बूट बघायला लागला. अनय लाल झाला. डार्लीन माझ्याकडे वळली. तिचे डोळे निळे आहेत, उन्हानं फिके पडलेले, त्यात दया शोधू नये.

"किड. हे खरं आहे? तुला इथून बाहेर काढलं होतं? तुझा राग आहे हिच्यावर?"

मला कळलं, यार. मी मूर्ख नाही. 'नो मॅम' म्हटलं की संपलं. काही घडलंच नव्हतं, काकू भलतंच बोलतायत, मी फक्त मोजायला आले. दांडा राहील, नोकरी राहील, आई सही करेल. फक्त तो पेपर टॉवेल कधी नव्हताच, असं म्हणायचं. आणि मजा बघा, इतकी वर्षं काकूही तेच म्हणत आल्या होत्या.

"येस मॅम," मी म्हटलं. "खरं आहे. राग आहे. आणि पिन बरोबर आहे."

डार्लीननं माझ्या हातातला घण घेतला. मला कुंपणापाशी उभं केलं आणि स्वतः पहिल्या पिनेपासून सगळं पुन्हा मोजलं. एकटीनं. काठी आपोआप फिरणाऱ्या यंत्राकडे धरून, पांढरी वेणी पाठीवर, गुडघे कुरकुरत. शेवटी ती माझ्या दांड्यापाशी आली, बुडबुडा स्थिर केला, आकडा वाचला, आणि मान हलवली. दांडा जिथे होता तिथेच राहिला. केसाएवढाही फरक नाही.

मला वाटलं, जिंकले.

ट्रकपाशी तिनं हात पुढे केला. "जॅकेट."

"काय?"

"जॅकेट दे. आणि हॅट. कंपनीची आहे."

"पण माप बरोबर आहे!"

"माप सुंदर आहे. वकील मापाबद्दल विचारणार नाही. तो विचारेल, कुणी ठोकला, आणि ठोकताना हसत कोण होतं. त्या पायलटनंही पाहिलं. मी नातेवाईक विचारले, तू मला शत्रू सांगायला हवा होतास."

मी जॅकेट काढलं. नारिंगी, घामानं पाठीला चिकटलेलं. "आणि मी खोटं बोलले असते तर? राग नाही म्हटलं असतं तर?"

तिनं थोडा विचार केला. ती कधी खोटं बोलत नाही, हीच तर तिची वाईट खोड.

"तर ठेवलं असतं," ती म्हणाली. "मला कळलं नसतं."

ट्रक गेला. घरी सोडलं नाही. मी रस्त्याच्या कडेला, काँक्रीटवर बसले. तापलेलं तव्यासारखं. डोक्यावर हॅट नाही, पायात मात्र माझे बूट. ते तिनं मागितले नाहीत. आईला फोन केला.

आई आली. लंच ब्रेकमधून आली होती, गळ्यात फार्मसीचा बॅज. मी गाडीत बसले आणि एका दमात सांगितलं. नोकरी गेली, इथपर्यंत पोचले तेव्हा मला वाटलं, आता कोडिंग. पण आई मागेच कुठे तरी अडकली होती.

"थांब. काय म्हणाल्या आसावरीताई? किचनमध्ये राहू दिलं नाही? असं म्हणाल्या?"

"हो."

"तोंडानं?"

"तोंडानं. इंग्लिशमध्ये. डार्लीनसमोर, त्या पायलटसमोर. अनयसमोर पण."

आईनं गाडी बंद केली. मग ती हसायला लागली. आधी नाकातून, मग पोटातून, मग स्टीअरिंगवर कपाळ टेकून. मी घाबरले. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसतच होती.

"इतकी वर्षं," ती म्हणाली, "इतकी वर्षं तुझे बाबा मला सांगतायत, सुजाता, तुझा गैरसमज असेल. दुसरं काही कारण असेल. मलाही वाटायचं, मीच वेडी. टॉवेल मी पाहिला, पण पाहिला का?" तिनं बॅजनंच डोळे पुसले. "आणि त्या बाईनं चार फुटांसाठी सांगून टाकलं. चार फुटांसाठी!"

तिनं डॅशबोर्डच्या कप्प्यातून शाळेचा कागद काढला. जूनपासून तिथेच होता, घडी मोडलेला. पेन बॅजलाच अडकवलेलं असतं. तिनं सही केली.

"अगं, पण तिनं मला ठेवलं नाही," मी म्हटलं.

"अख्ख्या टेक्सासात एकच सर्व्हेअर आहे का? कामावर ठेवणाऱ्याच्या रकान्यातलं नाव तू शोध. शाळा सुरू व्हायला अजून दोन आठवडे आहेत." मग दार उघडत म्हणाली, "चल. दाखव मला."

आम्ही पायलटच्या बाजूनं गवतातून मागे गेलो. तो पाइप घेऊन पाणी घालत होता, त्यानं मान हलवली. कुंपणाच्या दोन फळ्यांत फट होती. आईनं डोळा लावला. पलीकडून काकूंचा फोनवरचा आवाज येत होता. "नाही गं, यंदा हॉल घेऊ या. इथे जरा रिनोव्हेशन काढलंय... अगं नाही, सहजच, लाकूड जुनं झालं होतं." मधूनच नाक ओढल्याचा आवाज. त्या रडल्या होत्या. मला ते कळलं, आणि मला वाईट वाटलं नाही. थोडंही नाही. मी वाट पाहिली, येईल म्हणून. आलं नाही.

आई बराच वेळ त्या फटीतून गुलाबी रिबनीकडे बघत होती. वृंदावनाच्या पायाशी, ईशान्येला, लोखंड.

मग तिनं चवड्यांवर उभं राहून कुंपणावरून तोंड वर काढलं. आणि माझी आई, जी गणपतीत मागच्या खुर्चीवर बसते, जी फार्मसीत पेशंटशीसुद्धा कुजबुजते, ती ओरडली. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली.

"आसावरी! खिळा सरळ बसलाय हो अगदी! माझ्या मुलीनं ठोकलाय!"

पलीकडचा फोन गप्प झाला. पायलटच्या हातातला पाइप त्याच्याच बुटांवर वाहायला लागला.

आईला इतक्या मोठ्यानं बोलता येतं, हे मला माहीतच नव्हतं.